रेघ कोठे मारायची? उद्देश्य-विधेयाचा प्रवास

१/८
वारज्यातील शाळेत इंग्रजीच्या तासाला फळ्यावर वाक्य येते: 'आय लाइक मँगोज'. त्यात एक उभी रेघ मारायची असते. अलीकडे सब्जेक्ट, पलीकडे प्रेडिकेट. 'आय' अलीकडे जातो आणि प्रश्न सुटतो. पण घरी मूल म्हणते, 'मला आंबे आवडतात'. आता रेघ कोठे? या अडचणीला मोठा इतिहास आहे.

२/८
वाक्याचे असे दोन तुकडे करण्याची रीत मुळात ग्रीक. नाम आणि क्रियापद जुळल्याशिवाय विधान होत नाही, हा विचार प्लेटोच्या 'सोफिस्ट' या संवादात आढळतो. ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रात ज्याविषयी बोलायचे ते एक आणि जे बोलायचे ते दुसरे, अशी फोड स्थिरावली. युरोपीय व्याकरणाने पुढे तीच उचलली.

३/८
पाणिनीची मांडणी निराळी. तेथे क्रिया मध्यभागी असते आणि सहा कारके तिच्याशी जोडलेली असतात. क्रियेत जो स्वतंत्र, तो कर्ता. 'सब्जेक्ट'चा नेमका प्रतिशब्द या व्यवस्थेत नाही. 'उद्देश्य' आणि 'विधेय' हे शब्द मीमांसेच्या परंपरेतले: आधी ठाऊक असलेले ते उद्देश्य, त्याविषयी नव्याने सांगायचे ते विधेय.

४/८
१८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण मुंबईत प्रसिद्ध झाले. त्याच्या रचनेवर लिंडली मरे यांच्या १७९५ च्या इंग्रजी व्याकरणाची छाप होती. मराठीला शालोपयोगी व्याकरण लाभले. त्यासोबत इंग्रजीची चौकटही आली.

५/८
१८५२ मध्ये इंग्लंडमधील शाळा-निरीक्षक जे. डी. मोरेल यांनी जर्मन अभ्यासक बेकर यांच्या आधारे वाक्यांची फोड शिकवणारे पुस्तक लिहिले. ही पद्धत इंग्रजी शिक्षणात रुजली. मराठी शाळांत तिला 'वाक्यपृथक्करण' हे नाव मिळाले आणि सब्जेक्ट-प्रेडिकेटसाठी मीमांसेतले जुने शब्द कामी आले.

६/८
शब्द मिळाले, पण भाषा चौकटीत मावेना. 'मुलाने पोळी खाल्ली' यात खाणारा मुलगा, तरी क्रियापद स्त्रीलिंगी, कारण ते पोळीमागे जाते. पोळीऐवजी आंबा ठेवला की 'खाल्ला' होते. करणारा एक आणि क्रियापदावर हुकूम चालवणारा दुसरा! इंग्रजीत ही दोन्ही कामे बहुधा एकाच पदाकडे असतात. कर्मणी प्रयोगात मात्र तेथेही ती वेगळी होतात: 'द मँगो वॉज ईटन बाय द बॉय' यात खाणारा मुलगा, पण सब्जेक्ट आंबाच.

७/८
मराठी व्याकरणकारांनी हा पेच गांभीर्याने घेतला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'शालापत्रका'तील निबंधांतून दादोबांच्या मतांची परखड चिकित्सा केली. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त कर्ता, कर्म आणि प्रयोग यांचा सविस्तर ऊहापोह आहे. वाद रूक्ष भासतो, पण प्रश्न मूलभूत होता: मराठीला मराठीच्या नियमांनी मोजायचे की परक्या मापाने?

८/८
म्हणून 'सब्जेक्ट म्हणजे काम करणारा' ही पाठ केलेली व्याख्या दोन्ही भाषांत फसते. त्यापेक्षा खात्रीची कसोटी अशी की एकेक पद बदलून क्रियापद हलते का, ते पाहावे. 'आय'च्या जागी 'शी' आले की 'लाइक'चे 'लाइक्स' होते. आंबा एक असो वा अनेक, त्याला फरक पडत नाही. मराठीत नेमके उलट. 'मला'चे 'तिला' केले तरी 'आवडतात' तसेच राहते, पण 'आंबे'चा 'आंबा' केला की 'आवडतो' होते. 'टू मी लाइक मँगोज' असे लिहिणारे मूल मठ्ठ नसते. ते आपल्या मातृभाषेचा नियम इमानाने पाळत असते, फक्त दुसऱ्या भाषेच्या घरात.