हक्क आणि खजिना : करवीर संस्थानातील एक धडा

नागरिकशास्त्र आणि अर्थशास्त्र हे विषय आपल्याकडे दोन वेगळ्या पुस्तकांतून शिकवले जातात. एकात हक्क, कर्तव्ये, विधिमंडळ आणि न्यायालय. दुसऱ्यात कर, चलन, मागणी आणि पुरवठा. हक्काचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न मात्र दोन्ही पुस्तकांच्या मधल्या फटीत पडून राहतो. करवीर संस्थानाच्या इतिहासाकडे आम्ही वळतो आहोत ते याच प्रश्नासाठी. साहित्याच्या अभ्यासकांपुढे तो मांडण्यास कारणही आहे : ज्या मराठी गद्याने हा प्रश्न रोखठोकपणे विचारला, ते आपल्याच अभ्यासक्रमात आहे.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील सत्पुरुषांना अर्पण केले. या अर्पणपत्रिकेचा उल्लेख आपण वारंवार करतो. त्यानंतर नऊ वर्षांनी, १८८२ मध्ये, हंटर शिक्षण आयोगापुढे फुल्यांनी दिलेल्या निवेदनाकडे मात्र तितके लक्ष जात नाही. सरकारचा महसूल मुख्यत्वे रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, हा त्या निवेदनाचा गाभा. निदान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यातली मागणी. स्वातंत्र्याची घोषणा आणि खजिन्याचा हिशेब या दोन गोष्टी फुल्यांच्या विचारात वेगळ्या नव्हत्या. ‘शेतकऱ्याचा असूड’मधील शेतकरी नागवला जातो तोही बऱ्याच अंशी कागदावर, लिहिता-वाचता येणाऱ्याच्या लेखणीने.

शाहू महाराजांच्या कोल्हापुरात ही मागणी शासनाच्या भाषेत उतरली. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या गेल्या. या आदेशातील एक रुक्ष कलम आम्हांला फार मोलाचे वाटते : प्रत्येक खातेप्रमुखाने केलेल्या नेमणुकांचे तिमाही पत्रक सरकारकडे पाठवायचे होते. हक्क जाहीर करून राज्यसत्ता थांबली नाही. तो मिळतो की नाही हे मोजण्याची तजवीजही तिने त्याच कागदात केली. पुढे १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय झाला. मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंड ठरला. १९१८ मध्ये वंशपरंपरागत कुलकर्णी वतन रद्द होऊन पगारी तलाठी नेमले गेले. गावाचे दप्तर एका घराण्याच्या मालकीतून निघाले आणि त्याचा खर्च सरकारी तिजोरीने उचलला. ‘असूड’ वाचलेल्या वाचकाला या बदलाचे मोल वेगळे सांगावे लागू नये.

ब्रिटिश हिंदुस्थानात याच सुमारास काय चालले होते? गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. स्थानिक संस्थांना आपल्या हद्दीत सक्ती लागू करता यावी, इतकीच त्याची माफक धाव होती. १९१२ मध्ये ते फेटाळले गेले. तत्त्व मान्य, पण पैसा कोठून आणायचा, ही हरकत तेव्हाही होती आणि पुढेही होत राहिली.

अमेरिकेचा दाखला येथे उद्बोधक आहे. तेथील संघराज्याच्या घटनेत शिक्षणाचा शब्दही नाही. तो विषय घटकराज्यांकडे राहिला. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मॅसॅच्युसेट्सने १८५२ मध्ये केला, तर मिसिसिपीने सर्वांत शेवटी, १९१८ मध्ये, म्हणजे कोल्हापूरच्याही नंतर. शाळांच्या खर्चाचा मोठा भार तेथे स्थानिक मालमत्ता करावर असल्यामुळे श्रीमंत वस्तीची शाळा आणि गरीब वस्तीची शाळा यांत अंतर पडत गेले. सॅन अँटोनिओच्या खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवण्यास नकार दिला आणि संघराज्याच्या घटनेनुसार शिक्षण हा मूलभूत हक्क नाही, असे म्हटले. कराची रचना हीच तेथे हक्काची मर्यादा ठरली.

तथापि कोल्हापूरच्या उदाहरणाचा गौरव करताना त्याची मर्यादाही पाहिली पाहिजे. हे सारे हुकूम होते. ज्यांच्यासाठी ते निघाले ती माणसे प्रजा होती, मतदार नव्हती. राजाच्या इच्छेने उघडलेले दार पुढच्या राजाच्या इच्छेने मिटूही शकते. हा पेच जाणणारे विद्वान म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्था हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी असे मांडले की, प्रतिनिधित्वाचा हक्क आणि राज्याच्या सेवेत पद मिळवण्याचा हक्क हे नागरिकत्वाचे दोन प्रमुख घटक होत. यांपैकी दुसरा हक्क करवीर संस्थानाने १९०२ मध्येच दिला होता. पहिला देणे बाकी होते. मार्च १९२० मध्ये संस्थानच्या हद्दीतील माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी आंबेडकरांचे नेतृत्व अस्पृश्य समाजापुढे जाहीरपणे गौरविले. लोकांनी आपला पुढारी आपल्यातून निवडावा, असे एका राजाने सांगावे, यात त्या अपुऱ्या राहिलेल्या हक्काची कबुलीच होती, असे आम्ही मानतो.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि १९५० च्या राज्यघटनेने प्रजेचे नागरिक केले. त्या घटनेच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे सांगितले. तो मूलभूत हक्क होण्यास २००२ ची घटनादुरुस्ती लागली आणि तो अंमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. फुल्यांच्या निवेदनापासून मोजले तर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ.

म्हणून आमची शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ शिकवताना त्याच्या शेजारी हंटर आयोगापुढचे निवेदन ठेवावे, आणि जमल्यास आपल्या जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकाचे शिक्षणावरचे पानही. कोणत्या हक्कासमोर किती रक्कम लिहिली आहे, आणि कोणत्या हक्कासमोरची जागा कोरी आहे, हे विद्यार्थ्यांनी स्वतः वाचावे. तेही एक वाचनच आहे.