मायलिनचे पुनर्निर्माण

मेंदू, मज्जारज्जू व नेत्रचेता यांतील चेतातंतूंवरचे मायलिन हे मेदबहुल आवरण नष्ट झाल्यावर ते पुन्हा चढण्याची नैसर्गिक प्रक्रिया, तसेच तिला औषधांनी चालना देण्याविषयीचे संशोधन. मायलिनमुळे विद्युत्‌संदेश आवरणातील ठरावीक फटींपाशी उड्या घेत वेगाने पुढे सरकतो. आवरण गेले की तो मंदावतो किंवा अडतो, आणि आवरणाचा आधार तुटल्याने उघडा पडलेला तंतूही कालांतराने मरू शकतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगात शरीराची प्रतिकारयंत्रणाच मायलिनवर हल्ला करते. प्रचलित औषधे हा हल्ला थोपवतात, झालेली हानी मात्र भरून काढत नाहीत.

प्रौढ मज्जारज्जूत मायलिन नव्याने तयार होते, हे मेरी बंज, रिचर्ड बंज व हान्स रिस यांनी 1961 मध्ये मांजरांवरील प्रयोगात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले. हे काम ऑलिगोडेंड्रोसाइट या पेशी करतात, आणि त्या ज्यांच्यापासून घडतात त्या पूर्वगामी पेशी मार्टिन रॅफ व सहकाऱ्यांनी उंदराच्या नेत्रचेतेत 1983 मध्ये ओळखल्या. या पूर्वगामी पेशी प्रौढ मेंदूतही सर्वत्र विखुरलेल्या असतात. किंबहुना अनेक जुन्या व्रणांतही त्या आढळतात, परंतु तेथे त्या परिपक्व होत नाहीत. त्यामुळे बाहेरून पेशी आणून रोवण्यापेक्षा असलेल्या पेशींची ही कोंडी फोडणे, याकडे संशोधनाचा मुख्य ओघ वळला, आणि तो योग्यच म्हटला पाहिजे.

कोंडीची कारणे अनेक आहेत. मायलिनचे अवशेष हटवले गेले नाहीत तर तेच परिपक्वतेला अडथळा ठरतात, आणि वयानुसार ही सफाई मंदावते. तरुण व वृद्ध उंदरांचे रक्ताभिसरण एकमेकांना जोडल्यावर वृद्ध उंदरांतील दुरुस्ती सुधारल्याचे 2012 मध्ये दिसले.

औषधांपैकी क्लेमास्टिन हे ॲलर्जीवरचे जुने औषध सर्वाधिक चर्चिले गेले. सॅन फ्रान्सिस्को येथे 50 रुग्णांवर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डोळ्यापासून मेंदूपर्यंत संदेश पोहोचण्यातला विलंब सरासरी 1.7 मिलिसेकंदांनी घटला. फरक अल्प, पण मोजता येण्याजोगा होता. मात्र पुढे दुसऱ्या एका चाचणीत काही रुग्णांचे अपंगत्व उलट अधिक वेगाने वाढल्याचे आढळले. ऑपिसिन्युमॅब या प्रतिपिंडाचा विकास 2020 मध्ये थांबला; बेक्सारोटिनने दुरुस्तीची चिन्हे दाखवली, तरी थायरॉइडवरील व रक्तातील मेदावरील दुष्परिणामांमुळे ते नित्य वापरास अयोग्य ठरले. वृद्ध उंदरांतील पूर्वगामी पेशींची प्रतिसादक्षमता मधुमेहावरील मेटफॉर्मिनने परत येते, असे 2019 मध्ये दिसल्यानंतर केंब्रिज येथे मेटफॉर्मिन व क्लेमास्टिन एकत्र देण्याची चाचणी हाती घेण्यात आली.

या अपयशांमागे औषधांइतकीच मोजमापाचीही अडचण आहे. पुन्हा चढलेले आवरण मूळच्यापेक्षा पातळ असते व सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखता येते. जिवंत रुग्णात मात्र नेहमीच्या एमआरआयवर नवे मायलिन आणि ओसरलेली सूज यांतील भेद खात्रीने करता येत नाही.