हिगिनबॉथम: पुस्तकविक्याचे घराणे

आपल्याकडे रेल्वे स्टेशनवर व्हीलरचा पुस्तकांचा स्टॉल, तसा दक्षिणेत हिगिनबॉथम्सचा असायचा. पण हा हिगिनबॉथम कोण?

नुंगंबाक्कमच्या कॉलेज रोडवर मद्रास लिटररी सोसायटीचे ग्रंथालय आहे. संस्था १८१२ ची, म्हणजे शहरात वाचक होतेच. एबल जोशुआ हिगिनबॉथम हा इंग्रज मद्रासला आला, तो जहाजात लपून, असे सांगतात. मिशनऱ्यांच्या पुस्तकांच्या दुकानात तो नोकरीला लागला. ते तोट्यात गेले, तेव्हा १८४४ मध्ये त्यानेच विकत घेतले. पुढे हाच दुकानदार मद्रासचा शेरीफ झाला!

१८९१ मध्ये तो वारला आणि मुलाने धंदा सांभाळला. १९०४ मध्ये माउंट रोडवर दुकानाची भव्य इमारत उभी राहिली. पण १९२० च्या दशकात धंदा घराण्याबाहेर गेला. आज मालक दुसरे आहेत, तरी पाटी त्याच्याच नावाची आहे.