भोवळ: कांद्यापासून कलत्या टेबलापर्यंत

बीड जिल्ह्यातल्या केज भागात भोवळ येऊन कुणी पडले की भोवतीची धावपळ ठरलेली असते. कांदा फोडून नाकाशी धरला जातो, तोंडावर पाणी मारले जाते आणि दोघे-तिघे बखोट धरून माणसाला बसते करतात. कांदा निरुपद्रवी, बसते करणे मात्र चुकीचे. रक्तदाब घसरल्याने मेंदूला रक्त कमी पडलेले असते आणि आडवे होण्यानेच ते पुन्हा पोचते.

हा विकार नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूर्च्छेचे सहा प्रकार आहेत. त्यांतला रक्तज प्रकार थक्क करणारा आहे: रक्ताच्या वासाने माणूस मूर्च्छित होतो, आणि काहींच्या मते नुसते पाहूनही. मूर्च्छा आपोआप ओसरते, संन्यास म्हणजे खोल बेशुद्धी मात्र औषधाविना नाही, हा भेद चरकाने केला. तरीही वारंवार पडणाऱ्या बाईला ‘बाहेरचं’ झाले म्हणून अंगारा लावण्याची चाल गावोगाव टिकली.

आधुनिक नाव बरेच उशिरा आले. १९०७ मध्ये विल्यम गॉवर्स यांनी ‘व्हेसोव्हेगल’ हा शब्द वापरला; १९३२ मध्ये टॉमस लुईस यांनी त्यामागची यंत्रणा उलगडली. अॅट्रोपीन दिल्यावर मंदावलेली नाडी वाढली, पण रक्तदाब सावरला नाही. म्हणजे दोष हृदय मंदावणाऱ्या एकट्या व्हेगस चेतेचा नव्हता, रक्तवाहिन्याही सैलावत होत्या. १९८६ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी रुग्णाला कलत्या टेबलावर बांधून भोवळ मुद्दाम घडवून दाखवली.

निदानाचे मुख्य हत्यार मात्र आजही विचारपूसच आहे. बराच वेळ उभे राहणे, उकाडा, उपास, सुई किंवा रक्त. मग मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, आणि पडल्यावर लवकर शुद्ध. हातपाय क्षणभर झटकले तर ‘फिट’ समजण्याची चूक होते. फेफऱ्यात भ्रम बराच वेळ राहतो आणि जिभेची कड चावली जाते. आडवे व उभे असतानाचा रक्तदाब आणि ईसीजी बहुधा पुरेसे ठरतात. केजजवळ अंबाजोगाईला १९७० च्या दशकात स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आणि रुग्णालयीन तपासणी या टापूच्या आवाक्यात आली.

उपचार साधे आहेत: अंधारी येताच आडवे होणे, पाय उंचावणे, भरपूर पाणी; रक्तदाब जास्त नसल्यास थोडे जादा मीठ. आडवे होता येत नसेल, तर पायांची अढी घालून मांड्या व मुठी आवळणे. गोळ्या मोजक्यांना, पेसमेकर त्याहून विरळ. श्रम करताना किंवा आडवे असताना शुद्ध हरपली, अथवा घरात कुणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर आधी हृदय तपासावे लागते.