२ तास ५० मिनिटं ४५ सेकंद

मागच्या लेखात आपण स्नायूंमध्ये साठणाऱ्या ग्लायकोजेनबद्दल बोललो होतो. आज त्याच विषयाला धरून जरा इतिहासात जाऊया. निमित्त आहे एका आकड्याचं: २ तास ५० मिनिटं ४५.४ सेकंद. २२ ऑगस्ट १९२० रोजी बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी ही वेळ दिली आणि ते एकोणिसावे आले.

एकोणिसावा नंबर ऐकून पुढे सरकू नका. आधी हिशोब करूया.

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, हे आज आपल्याला पाठ असतं. हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा धावलं गेलं, पण कायमचं ठरलं ते १९२१ मध्ये. त्याआधी यजमान शहर आखेल तो रस्ता आणि भरेल ते अंतर. अँटवर्पला ते भरलं ४२.७५ किलोमीटर. ऑलिंपिकमधली आजवरची सगळ्यात लांब मॅरेथॉन हीच. आता चौगुल्यांच्या वेळेला या अंतराने भागा. एका किलोमीटरला ४ मिनिटांपेक्षा किंचित कमी वेळ येतो.

हे म्हणजे किती वेगात, ते समजायला आपल्या नगर जिल्ह्यात (कागदावर आता अहिल्यानगर, बोलताना अजून नगरच) एक सोपं माप आहे: सोळाशे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा, तो स्वतःची सोळाशे मीटरची वेळ सेकंदासकट सांगेल. मुलींना हेच अंतर ८०० मीटर असतं. चौगुल्यांच्या वेगाने सोळाशे मीटरला साधारण ६ मिनिटं २४ सेकंद लागतात. ही काही भरतीच्या मैदानावर गाजणारी वेळ नाही, नीट तयारी केलेली मुलं याच्या बरीच पुढे असतात. पण अशा सोळाशेच्या २६ धावा सलग काढायच्या, मध्ये श्वास घ्यायलाही थांबायचं नाही, आणि सत्ताविसावी धाव अर्ध्यापेक्षा जास्त झाली की मगच शेवटची रेघ. किंवा असं समजा, की नगरहून निघायचं, राहुरी गाठायची, आणि तिथेही न थांबता अजून थोडं पुढे जायचं. याच वेगात.

शंभर वर्षांपूर्वी हे जमलेला माणूस तिथपर्यंत पोचला कसा? मला या लेखात एवढंच शोधायचंय. चांगला धावणारा माणूस आणि मोठ्या शहरातली शर्यत यांच्यामध्ये तीन गोष्टी असतात: वेळ मोजणारं कुणीतरी, प्रवासाचा खर्च, आणि तयारीसाठी मोकळे महिने. पाय मी या यादीत धरलेले नाहीत. ते गावात आधीपासून असतातच.

पुण्यातलं मैदान

डेक्कन जिमखाना ही पुण्यातली संस्था १९०६ साली सुरू झाली. तिच्या वार्षिक खेळांना १९१९ मध्ये सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून हजर होते. तिथे त्यांनी जे पाहिलं, त्याचं वर्णन पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना लिहिलेल्या पत्रात आहे. सारांश असा: धावणारे बहुतेक शेतकरी कुटुंबातले, शेतात राबणारे, पायात काही नाही, शास्त्रशुद्ध तयारी नाही. तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या वेळांशी तुलना करण्यासारख्या होत्या.

यातली कळीची गोष्ट तुमच्या लक्षात आली का? दोराबजींना युरोपातल्या वेळा माहीत होत्या. ते इंग्लंडमध्ये शिकलेले, खेळांची आवड असलेले. ही माणसं त्याआधीही धावत असणार, तितक्याच वेगात. पण त्यांच्या धावण्याची तुलना जगातल्या दुसऱ्या कुणाशी करू शकेल असा माणूस त्या दिवशी मैदानाच्या कडेला होता, हा फरक.

तेव्हा घड्याळाची सवय किती कमी होती, याचा एक किस्सा सांगितला जातो. ऑलिंपिकला संघ पाठवायचा विषय निघाला तेव्हा जिमखान्यातल्या एकांना विचारलं, १०० मीटरला किती वेळ लागत असेल? त्यांनी अंदाज केला, एक-दोन मिनिटं. इथे मिनिटांचा नाही, सेकंदांचा आणि सेकंदाच्या अंशांचा हिशोब असतो, हे कळल्यावर ते चकित झाले. आपण यावर हसू शकतो. पण ज्या माणसाला कधी स्टॉपवॉच लागलंच नाही, त्याने सेकंदांचा अंदाज का म्हणून बांधावा?

बोट, लंडन, अँटवर्प

दोराबजींनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्यामार्फत खटपट केली आणि भारताला अँटवर्पचं निमंत्रण मिळालं. तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटना नव्हती, ती झाली १९२७ मध्ये. म्हणजे १९२० चा संघ कुठल्याही राष्ट्रीय संघटनेशिवाय गेला. खर्चासाठी सरकारचे थोडे, वर्गणीचे थोडे, आणि दोराबजींच्या स्वतःच्या खिशातले पैसे. चार धावपटू आणि दोन कुस्तीगीर. चौगुल्यांबरोबर मॅरेथॉनसाठी दुसरे होते सदाशिव दातार. कुस्तीगीर होते कुमार नवले आणि रणधीर शिंदे.

प्रवास बोटीचा. मुंबईहून सुएझमार्गे इंग्लंड, तिथे लंडनमध्ये सराव, मग बेल्जियम. मुंबई ते इंग्लंड म्हणजे तेव्हा दोन-तीन आठवडे समुद्रावर. आज याकडे शरीरक्रियाशास्त्राच्या नजरेने पाहिलं की थोडी काळजी वाटते. लांब अंतर धावणाऱ्याचा सराव दोन-तीन आठवडे पूर्ण थांबला, तर सगळ्यात आधी रक्तातल्या द्रवाचं प्रमाण कमी होतं. हृदय एका ठोक्याला कमी रक्त पुढे ढकलतं, आणि स्नायूंना जास्तीत जास्त जेवढा ऑक्सिजन पोचू शकतो त्यात ५ ते ७ टक्क्यांची घट येते. जहाजाच्या डेकवर फेऱ्या मारता येतात, पण फळ्यांवरच्या फेऱ्या म्हणजे डांबरी रस्त्यावरचे तीस किलोमीटर नव्हेत. म्हणून लंडनमधला सराव महत्त्वाचा ठरला. बोटीवर गमावलेलं तिथे भरून काढायची संधी होती.

तेव्हा विज्ञानाला काय माहीत होतं?

फार थोडं. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकलेल्या थॉमस हिक्सला वाटेत त्याच्या मदतनीसांनी स्ट्रिकनीन आणि ब्रँडी दिली होती. स्ट्रिकनीन म्हणजे कुचल्याचं विष, उंदीर मारायला वापरतात ते. थोड्या मात्रेत ते उत्तेजक मानलं जायचं. विजेत्याची ही अवस्था, तर बाकीच्यांचं विचारू नका.

आपण मागे पाहिलं होतं, की शरीरात ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली साखर मर्यादित असते, ढोबळमानाने ४०० ते ५०० ग्रॅम. त्यातून मिळतात १६०० ते २००० किलोकॅलरी. धावताना दर किलोला दर किलोमीटरमागे साधारण एक किलोकॅलरी लागते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला मॅरेथॉनसाठी २५०० च्या आसपास. बाकीचं चरबीतून येतं, पण चरबी जळते हळू. त्यामुळे तीसएक किलोमीटरनंतर साखर संपत आली की पाय शिशाचे होतात आणि डोकंही नीट चालत नाही.

हे प्रत्यक्ष मोजून पाहिलं गेलं १९२४ मध्ये, बोस्टन मॅरेथॉनमध्ये. सॅम्युअल लिव्हाइन, बर्जेस गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शर्यत संपवलेल्या धावपटूंच्या रक्तातली साखर तपासली. जे गलितगात्र झाले होते त्यांची साखर खूप खाली गेली होती. पुढच्या वर्षी त्यांनी धावपटूंना आधीच्या दिवशी पिष्टमय पदार्थ जास्त खायला सांगितलं आणि वाटेत गोळ्या-मिठाई दिली. धावपटूंची अवस्था स्पष्टपणे सुधारली. साधी गोष्ट, पण अँटवर्पच्या चार-पाच वर्षं नंतरची. चौगुले धावले तेव्हा हे ज्ञान कुणाकडेच नव्हतं. पहिल्या आलेल्या फिनलंडच्या हानेस कोलेहमाइनेनकडेही नव्हतं.

कोलेहमाइनेनची वेळ २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंद. एस्टोनियाचा युरी लोसमन त्याच्या मागे जेमतेम १३ सेकंदांनी. चौगुले पहिल्याच्या १८ मिनिटं मागे. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. आता हे अंतर कशाचं होतं ते बघा. कोलेहमाइनेन १९१२ च्या ऑलिंपिकमध्येच तीन सुवर्णपदकं घेऊन आला होता. युरोप-अमेरिकेत वर्षानुवर्षं शर्यती धावलेला माणूस. चौगुल्यांच्या हातात निवडीपासून शर्यतीपर्यंत काही महिने, आणि त्यातले काही आठवडे बोटीवर. १८ मिनिटांतली किती मिनिटं पायांची आणि किती परिस्थितीची, हे कुठलंही गणित सांगणार नाही. पण सगळी पायांची नव्हती, एवढं मी पैजेवर सांगेन.

शंभर वर्षांनी, शेजारच्या तालुक्यात

नगर जिल्ह्याला लागून बीडचा आष्टी तालुका आहे. सप्टेंबर २०२२ पासून नगरहून आष्टीला रेल्वेही जाते. याच तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे. घरची परिस्थिती बेताची, शाळेला जाण्यासाठी रोज काही किलोमीटर पायपीट. अँटवर्पनंतर बरोबर शंभर वर्षांनी, २९ नोव्हेंबर २०२० रोजी, दिल्लीच्या अर्धमॅरेथॉनमध्ये त्याने १ तास ३० सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. स्टीपलचेस ही त्याची मुख्य शर्यत, त्यात २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक.

पण तो धावपटू म्हणून कुणाला दिसला? शाळेत जाता-येता नाही. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचिनला राहून आला, आणि २०१५ च्या सुमारास सैन्यातल्या क्रॉसकंट्री शर्यतींत पळायला लागला तेव्हा. म्हणजे विशीत. तोवर तेच पाय मांडव्याच्या रस्त्यावर होते. सैन्यात काय मिळालं, तर घड्याळ धरणारा प्रशिक्षक, खायला पुरेसं अन्न, आणि धावणं हेच काम मानणारी नोकरी. १९१९ ला जे दोराबजींमुळे झालं ते इथे पलटणीने केलं.

आज मुंबईची मॅरेथॉन धावायची तर बोट लागत नाही. २००४ मध्ये ती सुरू झाली, आता जानेवारीत होते, पहाटे सीएसएमटीवरून सुटते. पण यादी तीच आहे. पूर्ण किंवा अर्धमॅरेथॉनला अर्ज करताना आधीच्या शर्यतीचं वेळेचं प्रमाणपत्र मागतात, म्हणजे घड्याळ आलं. प्रवेश शुल्क आहे. छातीवर लावायचा नंबर घ्यायला शर्यतीच्या आधीच मुंबईत पोचावं लागतं, म्हणजे एक-दोन रात्रींची सोय. पाथर्डी किंवा जामखेडच्या मुलाने एवढा खर्च का करावा? सोळाशे मीटर पळून नोकरी मिळू शकते, बेचाळीस किलोमीटर पळून पदक गळ्यात पडतं आणि परतीचं तिकीट खिशातून जातं. पहाटे पाचला आपल्या रस्त्यांवर शेकडो मुलं-मुली धावतात आणि सगळ्यांची तयारी सोळाशे आणि आठशेवर येऊन थांबते, याला कारण हे साधं गणित आहे. त्यात त्यांचं काही चुकत नाही. फक्त त्यांच्यातलं कोण दहा किलोमीटरला किंवा त्याच्याही पुढे विलक्षण आहे, हे कळायला मार्गच राहत नाही.

मोठे उपाय सुचवणं माझ्या अधिकारात नाही. लहान एक सुचवते. तुमच्या गावात भरतीची अकादमी असेल, शाळेला मैदान असेल, किंवा तुम्ही स्वतः शिक्षक असाल, तर महिन्यातून एकदा मुलांना ५ किलोमीटर आणि तीन महिन्यांतून एकदा १० किलोमीटर धावू द्या. आदल्या रात्री भाकरी-भात पोटभर, धावताना पाणी आणि थोडा गूळ. घड्याळ मोबाइलमध्ये आहेच. वेळा वहीत लिहा, तारखेसकट, आणि वही जपून ठेवा. चौगुल्यांबद्दल आज आपण बोलू शकतो ते कुणीतरी २ तास ५० मिनिटं ४५.४ सेकंद असं कागदावर उतरवून ठेवलं म्हणून.