पेटीतले चित्र आणि पडद्यावरचे चित्र



चित्रपट म्हटला की काळोखे सभागृह, पांढरा पडदा आणि शेजारी बसलेली माणसे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु फितीवरील हलती चित्रे प्रथम विकली गेली ती एकेकट्या प्रेक्षकाला, लाकडी पेटीच्या झरोक्यातून.

या पेटीचे नाव किनेटोस्कोप. अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत त्याचा सहायक डिक्सन याने ती सिद्ध केली. पेटीत सुमारे ५० फूट लांबीची फीत विजेच्या बळावर फिरे, तिच्याखाली दिवा असे आणि प्रेक्षक वरच्या भिंगाला डोळे लावी. १४ एप्रिल १८९४ रोजी न्यूयॉर्क येथे अशा १० पेट्यांचे दालन उघडले. २५ सेंट दिले की ५ पेट्यांत डोकावता येई. एकेक चित्र अर्ध्या मिनिटाच्या आत संपे. पुढे नाणे टाकताच चालू होणाऱ्या पेट्याही निघाल्या.

पडद्यावर चित्र पाडण्याविषयी एडिसन प्रथम उदासीन होता. प्रेक्षक जितके, तितक्या पेट्या खपतील, असा हा व्यापारी हिशेब होता. तो फार काळ टिकला नाही. २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये पडद्यावर चित्रे दाखविली आणि ७ जुलै १८९६ रोजी ती मुंबईच्या वॉटसन हॉटेलात अवतरली. दर माणशी एक रुपया!

एकत्र बसून चित्र पाहण्याची रीत आपल्याकडे जुनीच. पेडण्याच्या सीमेपलीकडे, कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे चित्रकथी एकामागून एक चित्रे दाखवीत रामायण-महाभारतातील कथा गात आले आहेत. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी तर १८९२ सालीच ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरील रंगीत चित्रे दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर हलवून दाखविली. अशा खेळात मुलाने शंका विचारावी, वडीलधाऱ्याने ती फेडावी, आणि चित्राबरोबर कथाही पुढच्या पिढीकडे जावी.

आज एडिसनची ती पेटी आपल्या खिशात आली आहे. मुंबईत काय, सर्वणसारख्या गावात काय, एकाच ओसरीवर चौघे बसतात आणि चौघांची चित्रे चार असतात. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी घरातील सर्वांनी मिळून एकच चित्र पाहावे आणि नंतर त्यावर चार शब्द बोलावेत. तेवढे आपल्या हाती निश्चित आहे.