फेरविचार : राज्यघटनेतल्या एका क्रियापदाची गोष्ट

आयटीत दोन-चार वर्षं काढलेल्या कोणालाही 'रीकन्सिडर' हा शब्द शिकवावा लागत नाही. राजीनाम्याची मेल टाकली की पाचव्या मिनिटाला मॅनेजर येऊन म्हणतोच, "प्लीज रीकन्सिडर!"

मराठीत याला आपण 'फेरविचार करणे' म्हणतो. फेरमतदान, फेरमोजणी, फेरतपासणी यांच्याच खानदानातला शब्द. गंमत म्हणजे रोजच्या वापरात आपण त्याचा अर्थ परस्पर बदलून टाकलाय. 'फेरविचार करा' म्हणजे 'निर्णय बदला', आणि तोही आम्हाला हवा तसा! शब्दात मात्र असं काहीच नाही. फेरमोजणीत पडलेला उमेदवार पुन्हा पडू शकतो, तसाच फेरविचार करून माणूस होता त्याच जागी येऊ शकतो.

हा फरक केवढा मोठा आहे ते बघायचं तर आपल्या राज्यघटनेचं कलम ७४ बघा. (घाबरू नका, छोटंसंच आहे.)

१९५० साली त्यात एवढंच होतं, की राष्ट्रपतींना साहाय्य आणि सल्ला द्यायला पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिमंडळ असेल. सल्ला पाळलाच पाहिजे असं काही लिहिलेलं नव्हतं. खुद्द राजेंद्रप्रसादांनी १९६० साली एका भाषणात हा मुद्दा जाहीरपणे मांडला होता. पण प्रथा होती, आणि प्रथेवर गाडी चालली होती.

मग आली २५ जून १९७५ ची रात्र. इंदिरा गांधींच्या शिफारशीवरून राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळासमोर विषय आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, सही होऊन गेल्यावर! म्हणजे फेरविचार राहिला दूर, मुळात विचारच झाला नव्हता. वर १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने पक्कं केलं, की राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसारच वागतील. विषय संपला.

जनता सरकारच्या काळात, १९७८ साली, ४४वी घटनादुरुस्ती झाली. आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवणं बंधनकारक झालं. आणि कलम ७४ ला एक छोटंसं परंतुक जोडलं गेलं : राष्ट्रपती मंत्रिमंडळाला सल्ल्याचा फेरविचार करायला सांगू शकतात, पण फेरविचारानंतर जो सल्ला येईल तो त्यांनी मानायचा.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा 'आर यू शुअर?' विचारणारा डायलॉग बॉक्स. दुसऱ्यांदा 'येस' दाबलं की सिस्टीम नाही म्हणू शकत नाही.

मग याचा उपयोग काय? तर उदाहरणंच बघू.

ऑक्टोबर १९९७. उत्तर प्रदेशात कल्याणसिंगांनी विधानसभेत बहुमत दाखवलं, तेही सभागृहात माइक आणि खुर्च्यांची फेकाफेक होऊन. गुजराल मंत्रिमंडळाने तिथे राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. के. आर. नारायणन यांनी ती फेरविचारासाठी परत पाठवली. मंत्रिमंडळाने पुन्हा आग्रह धरला नाही. कल्याणसिंगांचं सरकार वाचलं.

सप्टेंबर १९९८. या वेळी वाजपेयी सरकार आणि बिहार. नारायणन यांनी पुन्हा तेच केलं. फेब्रुवारी १९९९ मध्ये तिथे दलितांची हत्याकांडं झाल्यावर मंत्रिमंडळाने शिफारस पुन्हा पाठवली, आणि नारायणन यांनी सही केली. पण राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हतं. महिन्याभराच्या आत राजवट मागे घ्यावी लागली, राबडीदेवी परत आल्या. पहिल्याच वेळी थांबले असते तर ही नामुष्की टळली असती असं मला वाटतं. असो.

सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र कलामांचं. मे २००५ मध्ये ते मॉस्कोत असताना बिहार विधानसभा बरखास्त करण्याची शिफारस मध्यरात्री फॅक्सने त्यांच्याकडे गेली. त्यांनी सही केली. पुढे सुप्रीम कोर्टाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. आपण तेव्हा राजीनामा देण्याच्या विचारात होतो, असं कलामांनी नंतर स्वतःच लिहिलंय. क्रियापद हाताशी होतं, त्या रात्री वापरलं गेलं नाही.

पुढच्याच वर्षी, म्हणजे २००६ मध्ये, खासदारांना वाचवणारं 'लाभाचं पद' विधेयक त्यांच्याकडे आलं. विधेयकांसाठी कलम १११ मध्ये हीच सोय १९५० पासून आहे. कलामांनी ते परत पाठवलं. संसदेने काडीचाही बदल न करता पुन्हा मंजूर केलं, आणि ऑगस्टमध्ये त्यांना सही करावी लागली.

म्हणजे हिशोब काय? एकदा निर्णय बदलला, एकदा लांबला, एकदा जसाच्या तसा परत आला. 'निर्णय बदला' हाच अर्थ धरला तर तीनात एकच यश. पण मूळ अर्थ धरला तर तिन्ही वेळा काम झालं. जे घाईत, बंद खोलीत ठरलं होतं, ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा एकदा, स्वतःच्या नावावर ठरवावं लागलं. आणि अपयशी म्हणायचीच तर ती रात्र, जेव्हा कोणी विचारलंच नाही.

फेरविचाराची ताकद निर्णय उलटवण्यात नाही, ती मध्यरात्रीचा निर्णय सकाळपर्यंत थांबवण्यात आहे. १९७५ ची रात्र बघितलेल्यांना ते नेमकं कळलं होतं, म्हणून त्यांनी हे एक क्रियापद लिहून ठेवलं. वापरायचं की नाही, हे मात्र कोणत्याच घटनादुरुस्तीत लिहिता येत नाही.